तिजोरी फोडावी की उघडावी?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला दरसाल कोणी डॉक्टरीणबाई नाहीतर वकीलबाई बोलतात आणि आपण ऐकतो. यंदा चिटणीसबाईंनी मला गाठले. म्हणाल्या, "तुमच्या घरच्या तिजोरीची हकीकत सांगा." मी म्हटले, "अहो, माझे शिक्षण सातवीपर्यंत. मला भाषण कुठले यायला?" त्या म्हणाल्या, "भाषण नकोच, हकीकतच पाहिजे. बायकांच्या उपयोगाची आहे." तेव्हा काही चुकले-माकले तर सांभाळून घ्यावे.

आपल्या भिवंडीत तिजोरी ही केवळ शेठजींच्या पेढीवरची वस्तू नाही. चार माग चालवणाऱ्याच्या घरीसुद्धा मागच्या खोलीत एखादी जुनी लोखंडी तिजोरी असते. सुताचे हिशेब, कामगारांचा पगार, घराची कागदपत्रे, सासूबाईंच्या पाटल्या, सगळे तिच्या पोटात. आमच्याकडेही तशीच एक आहे. कमरेएवढी उंच, हिरव्या रंगाची, चार माणसांनाही न हलणारी. मामंजींनी ती कोणा व्यापाऱ्याकडून जुनी विकत घेतली होती. किल्ली त्यांच्या बंडीच्या आतल्या खिशात असे. ती कोणी मागितली नाही आणि त्यांनी कोणाला दिली नाही.

२०१७ साली पावसाळ्याच्या तोंडाशी मामंजी गेले. शेवटचे चार महिने ते अंथरुणावर होते आणि त्यांचे सगळे मीच केले. दिवसकार्य आटोपले. घराचे खरेदीखत आणि विम्याचे कागद काढायचे म्हणून तिजोरी उघडायचे ठरले, तो किल्ली सापडेना. बंडीचे खिसे पाहिले, गादी उसवली, देवघर पाहिले, तांदळाच्या कोठ्या पालथ्या केल्या. किल्ली नाही म्हणजे नाही.

मग घरोघरी जे होते तेच आमच्याकडे झाले. चोरी केली असे मला कोणी म्हटले नाही. पण "शेवटी त्यांच्याजवळ तूच होतीस ना?" एवढे विचारले की पुरे होते. धाकट्या दिरांनी एकदा विचारले, जाऊबाईंनी दोनदा विचारले. आमच्या घरचे काहीच बोलले नाहीत, पण त्यांनी माझी बाजूही घेतली नाही, हे मला अधिक लागले. पंधरा दिवस जाऊबाईंनी माझ्या हातचा चहा घेतला नाही. "डोके दुखते," म्हणायच्या.

शेवटी दीर एका वेल्डिंगवाल्याला घेऊन आले. त्याने सिलिंडर आणला, नळ्या जोडल्या आणि म्हणाला, "अर्ध्या तासात दार कापून देतो." तेव्हा सासूबाई उठल्या, पाट घेतला आणि तिजोरीला पाठ लावून बसल्या. म्हणाल्या, "त्यांची वस्तू माझ्या देखत कापायची नाही. आधी मला कापा." वेल्डिंगवाला बिचारा सिलिंडर घेऊन परत गेला.

आमच्या शेजारच्या भाभींना हा गलका ऐकू गेला होता. संध्याकाळी त्या आल्या आणि म्हणाल्या, "आमच्या मालकांच्या गोदामातली तिजोरी अशीच बंद पडली होती. कल्याणच्या एका मिस्त्रींनी एक ओरखडा न पाडता उघडून दिली." तिजोऱ्यांच्या कारखान्यात उभा जन्म घालवलेले वृद्ध गृहस्थ. त्यांना निरोप धाडला.

दुसऱ्या दिवशी ते आले. हातात डॉक्टरांसारखी एक काळी पिशवी. आल्याआल्या तिजोरीकडे न जाता ते खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "तिजोरी कोणाची? वारस कोण कोण? सगळ्यांना इथे बसवा. कोणी नसेल तर मी हात लावणार नाही." आधारकार्डे पाहिली. एका कागदावर सासूबाई, आमच्या घरचे, दीर आणि गावाहून आलेल्या नणंदबाई, सगळ्यांच्या सह्या घेतल्या. दीर जरा चिडले. मिस्त्री शांतपणे म्हणाले, "साहेब, मी बंद तिजोऱ्या उघडतो. हे काम चोरालाही हवेच असते. त्याच्यात आणि माझ्यात फरक एवढाच, की मी विचारून आणि सगळ्यांदेखत उघडतो."

मग ते तिजोरीसमोर मांडी घालून बसले. किल्लीच्या भोकावर एक गोल पितळी झाकण असते, ते बोटाने बाजूला सारले, बॅटरीचा झोत आत टाकला आणि बराच वेळ पाहत राहिले. आणि म्हणाले, "किल्ली हरवलेली नाही. किल्ली आत आहे."

कोणाला काही कळेना. ते म्हणाले, "किल्ली भोकात मोडली आहे. दात्यांकडचा तुकडा आत अडकला आहे. कडीकडचा तुकडा घरातच कुठे तरी असेल. म्हाताऱ्या माणसाची वस्तू ज्या जागी असते तिथे पाहा." सासूबाई क्षणभर बसून राहिल्या. मग आत गेल्या आणि मामंजींचा औषधांचा पत्र्याचा डबा घेऊन आल्या. त्यात तळाशी, जुन्या चिठ्ठ्यांच्या खाली, फडक्यात बांधलेला किल्लीचा अर्धा तुकडा होता.

अंथरुणाला खिळण्याच्या आधी केव्हातरी मामंजींनी किल्ली फिरवली असणार. हात थरथरत होते, किल्ली जुनी, मोडली. ज्या माणसाने चाळीस वर्षे किल्ली कोणाच्या हाती दिली नाही, त्याला आपल्या हातून ती मोडली हे सांगायची लाज वाटली असावी. त्या डब्यातून मी रोज त्यांना गोळ्या काढून देत होते. फडके मी पाहिले होते, पण सोडून पाहिले नव्हते.

आता मिस्त्रींनी पुढे काय केले ते सांगते, कारण मी त्यांच्या शेजारी बसून सगळे पाहिले आणि विचारून घेतले.

तिजोरीच्या कुलपात पातळ पट्ट्या एकावर एक रचलेल्या असतात. त्यांना लिव्हर म्हणतात. प्रत्येक पट्टीला एक खाच असते. किल्लीचा एकेक दाता आपापली पट्टी उचलतो. सगळ्या पट्ट्या नेमक्या उंचीवर आल्या, की खाचा एका रेषेत येतात आणि कुलपाचा खुंट त्यांतून सरकतो. एखादी पट्टी जरा कमी किंवा जरा जास्त उचलली गेली तरी खुंट अडतो. आपल्याला हे समजायला कठीण नाही. मागावर वह्या उचलल्या की ताण्याच्या दोऱ्यांत वाट पडते आणि धोटा आरपार जातो. चार दोरे खाली राहिले तर धोटा अडतो. तसेच हे.

मिस्त्रींनी आधी तारेच्या बारीक आकड्याने आतला तुकडा ओढून काढला. त्यालाच पाऊण तास लागला. मग दोन्ही तुकडे फडक्यावर जुळवून प्रत्येक दात्याची उंची मोजली. कोऱ्या किल्लीवर खुणा करून कानशीने घासायला सुरुवात केली. थोडे घासायचे, दिव्याच्या ज्योतीवर धरून काजळी चढवायची, किल्ली हलक्या हाताने कुलपात फिरवायची, बाहेर काढून भिंगातून पाहायचे. जिथे काजळी पुसली गेली तिथे दाता अडतो आहे. तेवढेच घासायचे. असे कितीदा तरी केले. "घाई केली आणि जास्त घासले की किल्ली गेली," ते म्हणाले. "घासलेले परत येत नाही."

दोन तासांनी किल्ली फिरली. आम्ही सगळ्यांनी श्वास सोडला. पण मूठ फिरेना! दीर म्हणाले, "बघा, झाले की नाही!" मिस्त्री हसले. किल्लीने फक्त मुठीची वाट मोकळी होते. दाराच्या कडेने चौकटीत शिरलेले जाड दांडे मूठ फिरवल्यावर मागे येतात. आत वह्यांची आणि कागदांची दाटी झाली की ती दाराला आतून रेटते आणि दांडे चौकटीत आवळले जातात. त्यांनी दाराला गुडघा लावून दार आत दाबले आणि मूठ फिरवली. फिरली. दार उघडले.

नुसत्या मुठीच्या अडचणीसाठी लोक तिजोऱ्या फोडतात, असे ते म्हणाले. म्हणून तुमच्याही कपाटाची किंवा तिजोरीची मूठ अडली, तर आधी दार आत दाबून पाहा. जमीन एका बाजूने खचून तिजोरी कलली असेल तरीही असेच होते.

आत घराचे खरेदीखत होते. विम्याचे कागद होते. सासूबाईंच्या पाटल्या आणि नणंदबाईंच्या लग्नातली पावती होती. आणि वरच्या खणात, लाल दोऱ्यात बांधून, "दुसरी किल्ली" अशी मामंजींच्या अक्षरातली चिठ्ठी लावून, दुसरी किल्ली ठेवलेली होती. तिजोरीची दुसरी किल्ली तिजोरीतच! त्या दुःखातही सासूबाईंना हसू आले आणि मग त्यांना रडूही आले.

मिस्त्रींच्या सांगण्यावरून आम्ही तिथेच यादी केली. आमच्या घरच्यांनी लिहिली, सगळ्यांनी सह्या केल्या. मग त्यांनी कुलूप सोडवून पुसले, झिजलेली स्प्रिंग बदलली, खालच्या दांड्यावर चढलेला गंज काढला. २००५ सालच्या २६ जुलैच्या पुरात आमच्या घरात गुडघाभर पाणी शिरले होते, तो गंज तेव्हाचा. तिजोरी आजही चालते. दारावर एक ओरखडा नाही.

संध्याकाळी जाऊबाई स्वयंपाकघरात आल्या. "अर्धा कप चहा असेल तर द्या," म्हणाल्या. त्यावर आम्ही दोघींनी पुढे काही बोलणे केले नाही. जाऊबाई आज इथेच बसल्या आहेत आणि ही हकीकत सांगायला त्यांनीच मला परवानगी दिली आहे.

भगिनींनो, त्या दिवशी गॅसने दार कापले असते, तर काय झाले असते? मी मिस्त्रींना विचारले. ते म्हणाले, "कागद करपले असते, तिजोरी भंगारात गेली असती. आणि किल्लीचा तुकडा वितळून गेला असता." पहिल्या दोन गोष्टींपेक्षा ही तिसरी ऐकून माझ्या पोटात गोळा आला. तो तुकडा वितळला असता, तर किल्ली कुठे गेली हे कधीच कळले नसते आणि मी जन्मभर "शेवटी जवळ होतीस ना" ऐकत राहिले असते.

हातोडा मारणे तर त्याहून वाईट. कित्येक तिजोऱ्यांच्या आत अशी युक्ती केलेली असते, की दारावर घाव पडला किंवा कुलूप तोडले की जादा खटके आपोआप पडतात आणि दार अडकते. फोडणाऱ्याला वाटते आपण उघडतो आहोत, आणि तिजोरी अधिकच बंद होते. कधी कधी जाणत्या कारागिरालाही भोक पाडावे लागते. पण ते पेन्सिलीएवढे, कुठे पाडायचे ते मोजून पाडलेले. त्यातून आत पाहून काम उरकले की ते पोलादी खिळ्याने बुजवून वरून रंग देतात. आकड्यांची चकती असलेल्या तिजोरीत कित्येकदा किल्लीच नसते. तिथे चकती फिरवताना हाताला लागणारा बारीक फरक टिपून आकडे शोधतात. त्याला कधी कधी सबंध दिवस जातो.

हे शास्त्र फार जुने आहे. इंग्लंडात ब्रामा नावाच्या कारागिराने आपले कुलूप दुकानाच्या खिडकीत टांगले होते आणि हत्याराने उघडून दाखवणाऱ्याला दोनशे गिनी देऊ केल्या होत्या. साठाहून अधिक वर्षे ते कोणाला उघडले नाही. १८५१ साली लंडनच्या मोठ्या प्रदर्शनाच्या वेळी हॉब्ज नावाच्या अमेरिकन कारागिराने ते उघडले. त्याला सोळा दिवसांत मिळून एक्कावन्न तास लागले. पण कुलूप त्याने मोडले नाही. एक्कावन्न तास! आणि आमचे दीर दोन तासांत कंटाळले होते.

आपल्याकडे ह्या धंद्याचे नाव काढले की अर्देशिर गोदरेज ह्यांची आठवण होते. ते मूळचे वकील. वकिली सोडून त्यांनी १८९७ साली मुंबईत लालबागला कुलपे करायला सुरुवात केली आणि १९०२ साली तिजोरी तयार केली. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत दारूगोळ्याच्या बोटीचा स्फोट झाला आणि आसपासचा मुलूख जळाला, तेव्हा त्यांच्या तिजोऱ्यांतले कागद शाबूत निघाले असे सांगतात. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी १९५१ साली त्यांच्या विक्रोळीच्या कारखान्यात लाखो मतपेट्या झाल्या. बाहेरून कुलूप लावणे खर्चात बसेना. तेव्हा आतूनच बंद होणारी युक्ती नाथालाल पांचाळ नावाच्या तिथल्या कामगाराने शोधली. हे वाचून मला फार बरे वाटले. कुलपाचे डोके पदवीवर अवलंबून नसते.

आणि किल्ल्या हरवणे हे बायकांचेच काम आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी जगन्नाथपुरीकडे पाहावे. तिथल्या देवाच्या रत्नभांडाराच्या आतल्या दालनाची किल्ली सापडत नाही, असे २०१८ साली उघड झाले. केवढा गहजब झाला! १४ जुलै २०२४ रोजी ते दालन उघडायला गेले, तेव्हा हाती असलेल्या किल्ल्या लागेनात आणि कुलपे तोडावी लागली. प्रत्यक्ष जगन्नाथाच्या घरी जे झाले, ते आपल्या घरी झाले म्हणून सुनेकडे बोट दाखवायचे कारण नाही.

आता चार उपयोगाच्या गोष्टी सांगते आणि संपवते.

पहिली गोष्ट, तिजोरीची दुसरी किल्ली तिजोरीत ठेवू नका. ती कुठे आहे हे घरातल्या दोघांना तरी ठाऊक असू द्या, आणि त्या दोघांत एक बाई असू द्या. आकड्यांच्या नव्या तिजोरीलाही हेच. तिची जादा किल्ली लोक तिच्याच आत ठेवतात. आकडे दाबूनही ती उघडेनाशी झाली तर घाबरू नका. बहुधा सेल संपलेले असतात, ते बदलले की जुनाच आकडा चालतो.

दुसरी गोष्ट, कुलपात खोबरेल किंवा गोडे तेल घालू नका. त्यावर धूळ बसून चिकटा होतो, आणि आपल्याकडे तर हवेत सुताचे तंतू उडत असतात. पेन्सिलीच्या शिशाची बारीक पूड फुंकली तर किल्ली सरळ चालते. किल्ली अडली तर जोर करू नका, पकडीने तर मुळीच फिरवू नका. वाकलेली किल्ली सरळ करून वापरू नका, ती पुढच्या खेपेला मोडते. नवी करून घ्या.

तिसरी गोष्ट, कारागीर ओळखीतून किंवा तिजोरी करणाऱ्या कंपनीकडून बोलवा. दारावर "कपाट दुरुस्त, किल्ली बनवणार" म्हणत येणाऱ्या अनोळखी माणसाला दागिन्यांच्या कपाटाला हात लावू देऊ नका. नाक्यावर छत्रीखाली बसून किल्ल्या करणारे बहुतेक लोक कष्टाळू आणि प्रामाणिक असतात. पण त्यांचे सोंग घेऊन घरात शिरणारे भामटेही आहेत. कपाट दुरुस्त केल्यासारखे करून "तासभर उघडू नका" म्हणून सांगायचे आणि तेवढ्यात दागिने घेऊन पसार व्हायचे, अशा बातम्या आपण वाचतो. काम चालू असता उठून चहा करायला जाऊ नका. चहा दुसऱ्या कोणाला करू द्या. आणि जो कारागीर "तिजोरी कोणाची?" असे विचारत नाही, त्याला परत पाठवा. विचारणारा त्रास देतो असे वाटते, पण तोच खरा.

चौथी गोष्ट, घरातले माणूस गेल्यावर तिजोरी एकट्याने उघडू नका. सगळे वारस आणि बाहेरचे एखाद-दुसरे पोक्त माणूस समोर असावे, आणि यादी तिथेच व्हावी. बँकेच्या लॉकरलाही असेच नियम आहेत. लॉकरला दोन किल्ल्या लागतात, एक आपली आणि एक बँकेची, आणि आपल्या किल्लीची जोडी बँकेकडे नसते. आपली हरवली तर ताबडतोब लेखी कळवावे. खर्च आपल्याला पडतो आणि लॉकर आपल्या समोर उघडतात. लॉकरवर वारसाचे नाव लावले आहे की नाही, हे आज घरी गेल्यावर विचारा. उद्यावर ढकलू नका.

शेवटचे एक सांगते. मिस्त्री निघाले तेव्हा सासूबाईंनी त्यांना पैशांबरोबर एक नारळ दिला आणि विचारले, "इतका वेळ लावलात, तुम्हाला कंटाळा नाही का येत?" ते म्हणाले, "आजी, बंद झालेल्या वस्तूवर लोक आधी रागावतात. मी आधी आत पाहतो."

आमच्या घरातल्या कोणी आधी झाकण सारून आत पाहिले असते, तर ते पंधरा दिवस गेले नसते. मीही पाहिले नाही, हे मला कबूल केले पाहिजे. तेव्हापासून घरात काही सापडेनासे झाले, तर कोणाकडे पाहण्याआधी मी बॅटरी घेऊन येते.